श्रमदान, वेठ आणि संगणक

(एका तालुक्याच्या गावी भरलेल्या दोन दिवसांच्या सामुदायिक हॅकेथॉनच्या समारोपप्रसंगी अर्थशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी केलेल्या भाषणाचा हा मजकूर.)



समारोपाच्या वक्त्याकडून श्रोत्यांची अपेक्षा माफक असते. त्याने चार गौरवाचे शब्द बोलावेत, आभार मानावेत आणि वेळेवर खाली बसावे. आपल्यापैकी कित्येकांनी काल रात्री डोळ्याला डोळा लावलेला नाही. तेव्हा ही अपेक्षा मी समजू शकतो. गौरव मी करणारच आहे आणि तो मनापासून करण्याजोगा आहे. परंतु ज्यांनी आपली झोप, आपले ज्ञान आणि आपले श्रम येथे खर्ची घातले, त्यांचा गौरव नेमका कशाने होतो, हा प्रश्न मला टाळ्यांपेक्षा महत्त्वाचा वाटतो. आज तो आपल्यासमोर अगदी रोकड्या स्वरूपात उभाही आहे. माझ्या भाषणानंतर आपली जी बैठक होणार आहे तिच्यात त्याचा निर्णय आपणांस करावयाचा आहे.

दोन दिवसांत येथे तीन कामे उभी राहिली. एका गटाने तालुक्यातील वाड्या-वस्त्यांच्या पाणवठ्यांचा नकाशा तयार केला. कोणती विहीर कोणत्या महिन्यात आटते हेही त्यात पाहता येते. दुसऱ्या गटाने रेशन दुकानात आलेले आणि वाटले गेलेले धान्य यांच्या सरकारी नोंदी सोप्या मराठीत मोठ्याने वाचून दाखवणारी सोय केली. तिसऱ्या गटाने युनिकोडच्या आधीच्या टंकांत अडकून पडलेले ग्रामसभांचे ठराव आजच्या संगणकावर वाचता येतील असे रूपांतरित करण्याचा मार्ग शोधला. जुना टंक नसेल तर तो मजकूर रोमन अक्षरांच्या निरर्थक रांगेसारखा दिसतो, हे ज्यांनी कचेऱ्यांतून काम केले आहे त्यांना सांगावयास नको. गावाचा स्वतःचाच निर्णय गावाला वाचता येऊ नये, ही अवस्था काही थोडी विचित्र नाही.

एका शब्दाची दोन जन्मस्थाने

"हॅकेथॉन" हा शब्द आपल्या काही ज्येष्ठ कार्यकर्त्यांना अजून खटकतो. वर्तमानपत्रांनी "हॅकर" या शब्दाला चोराचा अर्थ चिकटवला. संगणकावर काम करणाऱ्यांच्या मूळ बोलीत मात्र कल्पकतेने अडचण सोडवणारा तो हॅकर. त्याला मॅरेथॉनचे शेपूट जोडले की हा शब्द तयार होतो. तो प्रचारात आला १९९९ च्या जून महिन्यात, आणि विशेष असे की एकाच महिन्यात दोन ठिकाणी आणि दोन अगदी भिन्न वृत्तींतून आला.

पहिली घटना कॅनडातील कॅल्गरी शहराची. ओपनबीएसडी नावाची खुली संगणकप्रणाली घडवणारे दहा जण तेथे एकत्र आले. गुप्तलेखनाचे प्रोग्राम देशाबाहेर पाठवण्यावर त्या काळी अमेरिकेच्या कायद्याचे जाचक निर्बंध होते. ते टाळून सर्वांना वापरता येईल असे काम करता यावे, म्हणून त्यांनी सीमेपलीकडची जागा निवडली. याच मंडळींनी त्याच वर्षी ओपनएसएसएच नावाचे साधन जगाला दिले. दूरच्या संगणकाशी सुरक्षितपणे बोलण्यासाठी आज जगभर तेच वापरले जाते, आणि त्यासाठी कोणी कोणाला रॉयल्टी देत नाही.

दुसरी घटना अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्कोची. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीच्या परिषदेत उपस्थितांना आव्हान देण्यात आले की, हातात मावणाऱ्या एका नव्या उपकरणासाठी कंपनीच्या जावा भाषेत प्रोग्राम लिहून दाखवा. यातही आनंद होता, कौशल्य होते. पण काम कोणते करावयाचे हे कंपनीने ठरवले होते आणि ज्या भाषेचा प्रसार व्हावयाचा होता ती कंपनीची होती.

पुढल्या काळात बाजाराने दुसरी परंपरा उचलली. आज बँका, विमा कंपन्या, औषध कंपन्या आणि सरकारी खाती हॅकेथॉन भरवतात. शेकडो तरुण रात्र जागवतात, तिघांना धनादेश मिळतो, बाकीच्यांना प्रमाणपत्र आणि एक सदरा. त्या शेकडोंच्या कल्पना मात्र भरवणाऱ्याच्या दप्तरी जमा होतात. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलावयाचे तर, पगार न देता संशोधन विभाग चालवण्याची ही एक स्वस्त पद्धती आहे. आपला कार्यक्रम पहिल्या परंपरेतला आहे, असे आपण निमंत्रणपत्रिकेत लिहिले. ते खरे ठरते की नाही, हे आजच्या बैठकीवर अवलंबून आहे.

इर्जिक आणि तिची मर्यादा

आपल्या मातीला ही गोष्ट परकी नाही. एखाद्याचे शेत नांगरायचे राहिले, बैल कमी पडले, घरात आजारपण आले, की गावातले शेतकरी आपापले नांगर घेऊन त्याच्या बांधावर जात आणि एका दिवसात रान उलथून देत. घरधनी त्यांना पोटभर जेवू घाली. याला इर्जिक म्हणत. सावडीने कामे करण्याचा प्रघात तर अनेक गावांतून अजूनही आहे: आज तुझ्या रानात मी, उद्या माझ्या रानात तू. कालच्या रात्री शेजारच्या गटाचा प्रोग्राम अडला तेव्हा आपले काम बाजूला ठेवून जी मुले तिकडे गेली, ती सावडच करीत होती.

तथापि या जुन्या सहकार्याचे गोडवे गाताना समाजवाद्याने एक डोळा उघडा ठेवला पाहिजे. सावड बहुधा बरोबरीच्यांत चाले. ज्याच्यापाशी जमीन नाही आणि बैल नाहीत त्याचा सावडीत वाटा नव्हता. तो कामाला बोलावला जाई तो वेगळ्या नात्याने. पाण्याच्या बाबतीत तर गाव एक आणि पाणवठे दोन, अशीच रीत होती. म्हणून तर १९७० च्या दशकात बाबा आढावांना "एक गाव, एक पाणवठा" ही चळवळ उभारावी लागली. समुदाय हा शब्द उच्चारला की समता आपोआप येत नाही. ती आणावी लागते.

या दृष्टीने मी काल आपल्या हजेरीवहीवरून नजर फिरवली, आणि मला खरा आनंद तेथे झाला. तीत संगणकशास्त्राचे विद्यार्थी आहेत आणि पुण्यात नोकरी करणारी, या तालुक्यातली मुले-मुली आहेत. त्यांच्याच ओळीत तीन आशाताई आहेत, एक निवृत्त ग्रामसेवक आहेत, रेशन दक्षता समितीच्या दोन सदस्या आहेत, आणि वस्तीवरून पायी आलेल्या चार भगिनी आहेत, ज्यांच्यातील दोघींनी सहीऐवजी अंगठा उठवला आहे. नकाशावरची अमुक विहीर फेब्रुवारीत आटते आणि तमुक विहिरीचे पाणी असूनही पिता येत नाही, ही माहिती कोणत्याही यंत्रापाशी नव्हती; ती या भगिनींपाशी होती. प्रोग्राम लिहिणाऱ्या हाताला आणि विहिरीची खूण सांगणाऱ्या जिभेला या वहीने एकाच यादीत बसवले. या दोन दिवसांचा सर्वांत मोठा पराक्रम मी यालाच म्हणेन.

मान आणि मोबदला

आता मूळ प्रश्नाकडे येतो. आपण सर्वांनी विनामूल्य काम केले. विनामूल्य कामाला आपल्याकडे दोन नावे आहेत: एक श्रमदान, दुसरे वेठ. दोहोंतही हात तेच राबतात, घाम तोच गळतो आणि मजुरी दोहोंतही मिळत नाही. मग फरक कोठे आहे?

मनाच्या उत्साहात तो आहे, असे कोणी म्हणेल. हे उत्तर पुरेसे नाही. वेठीलाही मानाचे वस्त्र पांघरता येते, हे आपल्या इतिहासाने पुरेपूर दाखवले आहे. महार वतनाचे उदाहरण घ्या. गावचा नोकर म्हणून दिवसरात्र राबवून घ्यावयाचे, आणि मोबदला म्हणून जमिनीचा तुकडा, मूठभर बलुते आणि वतनदार हे नाव. त्या नावात मान होता असे समजले जाई. १९२८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या कायदेमंडळात या वतनासंबंधी दुरुस्ती विधेयक मांडले ते या मानाच्या आत दडलेली गुलामी ओळखून. पुढे राज्यघटनेच्या २३ व्या अनुच्छेदाने बेगार निषिद्ध ठरवली आणि १९७६ साली वेठबिगारीच्या निर्मूलनाचा कायदा झाला. मान देऊन मोबदला चुकवण्याची वृत्ती मात्र कायद्याने संपत नसते. सत्काराचा हार हा पुष्कळदा सर्वांत स्वस्त पगार असतो.

येथे आलेल्या सुशिक्षित तरुणांची तुलना मी वतनाखाली पिचलेल्या माणसांशी करीत नाही; तसे करणे त्या दुःखाचा अपमान ठरेल. परंतु कसोटी तेथून घेता येते. माझ्या मते श्रमदान आणि वेठ यांची सीमारेषा तीन प्रश्नांनी आखली जाते. काम कोणते करावयाचे हे कोणी ठरवले? त्या कामाचे फळ कोणाचे? आणि ते काम पुढे जिवंत ठेवण्याचा भार कोणी उचलावयाचा?

काम कोणी ठरवले?

पहिल्या कसोटीला आपण उत्तम उतरलो आहोत. तिचे महत्त्व पटावे म्हणून उलट बाजूचे एक उदाहरण देतो. महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला आणि पुढे २००५ साली तो विचार देशाने स्वीकारला, याचा आपल्याला अभिमान आहे. त्याच राष्ट्रीय योजनेच्या कामांवर २०२३ च्या जानेवारीपासून मजुरांची हजेरी दिवसातून दोनदा मोबाईलवर छायाचित्र काढून नोंदवणे सक्तीचे करण्यात आले. हेतू सांगितला गेला पारदर्शकतेचा. पण डोंगरातल्या कामावर मोबाईलला संपर्क मिळाला नाही तर काय? मजूर दिवसभर माती उपसून घरी जाई आणि यंत्राच्या लेखी तो गैरहजर राही. देशाच्या अनेक भागांतून मजुरांच्या संघटनांनी हीच तक्रार मांडली. यंत्र वाईट होते असे नव्हे. खड्ड्यात उभ्या असलेल्या बाईला ते घडवताना कोणी विचारले नव्हते, एवढेच.

याउलट राजस्थानात काय घडले ते आठवा. १९९४ च्या डिसेंबरात पाली जिल्ह्यातील कोट किराना या गावी मजदूर किसान शक्ती संघटनेने जनसुनावणी घेतली. हजेरीपटावरची नावे आणि रकमा भर सभेत मोठ्याने वाचल्या गेल्या, आणि ज्यांच्या नावे पैसे उचलले गेले होते तीच माणसे उभी राहून सांगू लागली की हे काम झालेच नाही, हे पैसे मिळालेच नाहीत. तेथे संगणक नव्हता. पण सरकारी कागद लोकांच्या भाषेत मोठ्याने वाचणे एवढ्या एका साध्या कृतीतून माहितीच्या अधिकाराची मागणी बळावली आणि २००५ साली देशाला तो कायदा मिळाला. आपल्या दुसऱ्या गटाने रेशनच्या नोंदी मराठीत मोठ्याने वाचणारी जी सोय केली, तिचे कूळ मी कॅल्गरीइतकेच कोट किरान्याशीही जोडतो.

फळ कोणाचे?

दुसरी कसोटी आजच्या बैठकीची आहे. काल दुपारी येथे एका कंपनीचे प्रतिनिधी येऊन गेले. पाणवठ्यांच्या नकाशामागचा प्रोग्राम त्यांना पसंत पडला. तो लिहिणाऱ्या तिघा विद्यार्थ्यांना त्यांनी रक्कम देऊ केली आहे आणि नोकरीचे आश्वासनही. अट एकच: प्रोग्रामचे सर्व हक्क आणि त्यासाठी गोळा केलेली माहिती कंपनीच्या मालकीची होईल. काल रात्री यावर आपल्यात बरेच वादंग झाले असे मला समजले. कोणी त्या तिघांना लोभी म्हटले, हेही कानावर आले. मला हे मुळीच मान्य नाही. ज्याच्या घरी शिक्षणाचे कर्ज आहे त्याने नोकरीचा विचार करू नये, असा उपदेश ज्याचे पोट भरलेले आहे त्यानेच करावा. माझे निवृत्तिवेतन दरमहा बँकेत जमा होते. त्यामुळे हा उपदेश करण्याचा अधिकार मला नाही. या मुलांनी नोकरी अवश्य घ्यावी. कौशल्य त्यांचे आहे आणि त्याचा बाजारभाव त्यांना मिळालाच पाहिजे.

पण नकाशा त्यांचा एकट्यांचा नाही. त्यात अंगठा उठवणाऱ्या भगिनींचे आयुष्यभराचे ज्ञान आहे, आशाताईंची पायपीट आहे, आणि ज्या पायावर तो उभा आहे तो ओपनस्ट्रीटमॅप हा खुला नकाशा २००४ पासून जगभरच्या स्वयंसेवकांनी घडवलेला आहे. असे सामायिक भांडवल तिघांच्या सहीने विकता येते काय? आणि समजा विकले, तर उद्या टँकर कोठे पाठवावयाचा हे ठरवण्यासाठी याच ग्रामपंचायतींना आपल्याच विहिरींची माहिती विकत घ्यावी लागेल.

सामायिक वस्तूचे वाटोळे होते, म्हणून तिला मालक हवा, असा युक्तिवाद नेहमी केला जातो. गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली सामायिक कुरणाचा दाखला देऊन तो गाजवला: जो तो आपली जास्तीत जास्त जनावरे सोडतो आणि कुरण उजाड होते. एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषीने प्रत्यक्ष कुरणे, जंगले आणि पाटबंधारे पाहून १९९० साली ग्रंथ लिहिला आणि दाखवून दिले की वापरणाऱ्यांनी स्वतः नियम केले व स्वतः पाळले, तर सामायिक संपत्ती शतकानुशतके टिकते. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. शिवाय प्रोग्रामच्या बाबतीत हार्डिन यांची भीती निम्मी लंगडी पडते. विहिरीतून मी घागर भरली तर तुमच्यासाठी एक घागर कमी उरते. प्रोग्राम मी वापरला तर तुमच्या वाट्याचा तो तसूभरही कमी होत नाही. ज्या वस्तूची टंचाई निसर्गाने निर्माण केली नाही, तिची टंचाई करारपत्राने निर्माण करणे, हे आजच्या भांडवलाचे मोठे उद्योगक्षेत्र आहे.

यावर उपायही कायद्यातूनच निघालेला आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली मुक्त संगणकप्रणालीची घोषणा केली आणि १९८९ साली तिच्यासाठी सार्वजनिक परवान्याचा मसुदा सिद्ध केला. त्याचे मर्म असे: प्रोग्राम कोणीही वापरावा, तपासावा, बदलावा, वाटावा, हवा तर त्यावर व्यवसायही करावा, पण सुधारलेली आवृत्ती दुसऱ्याला देताना ती याच अटींवर खुली ठेवली पाहिजे. म्हणजे त्या कंपनीलाही आपले दार बंद नाही. तिने यावे, प्रोग्राम घ्यावा, मुलांना पगार देऊन त्यात सुधारणा करवून घ्याव्यात. फक्त पाणवठ्याला कुंपण घालू नये. एक सावधगिरी मात्र बाळगा. विहिरी आणि दुकानांची माहिती खुली असावी. कोणत्या घरात कोण आजारी आहे, कोणाच्या शिधापत्रिकेवर किती माणसे आहेत, ही माहिती त्या त्या माणसाची आहे. ती खुली करण्याचा अधिकार आपल्याला कोणीही दिलेला नाही.

पाट कोणी साफ करावयाचा?

तिसरी कसोटी सर्वांत अवघड, आणि हॅकेथॉनच्या उत्साहात ती हमखास विसरली जाते. दोन दिवसांत प्रोग्राम उभा राहतो. दोन वर्षे तो चालता ठेवणे ही निराळी गोष्ट आहे. सरकारी संकेतस्थळाची रचना बदलेल आणि रेशनच्या नोंदी वाचणारी सोय मुकी होईल. नवी कूपनलिका खोदली जाईल आणि नकाशा खोटा ठरेल. बहुसंख्य हॅकेथॉनमधील कामे अशीच, कोणी वाईट न चिंतताही, मरून जातात.

जगाने याचा चटका २०१४ च्या एप्रिलमध्ये घेतला. महाजालावरील व्यवहार गुप्त राखणारा ओपनएसएसएल हा खुला प्रोग्राम तेव्हा जगातील असंख्य संकेतस्थळांचा आधार होता. त्यात "हार्टब्लीड" नावाचा गंभीर दोष सापडला. मग लोकांनी चौकशी केली की हे सांभाळत तरी कोण होते? उत्तर मिळाले: मूठभर माणसे, त्यांतला पूर्णवेळ काम करणारा एक, आणि वर्षाकाठच्या देणग्या सुमारे दोन हजार डॉलर. ज्या साधनावर अब्जावधींचे व्यवहार चालत होते त्याच्या डागडुजीला कोणी पैसा देत नव्हते. फळ खासगी आणि राखण मात्र धर्मादाय, असा हा हिशेब. त्या धक्क्यानंतर मोठ्या कंपन्यांनी वर्गणी काढून निधी उभारला. पण विहिरीत मूल पडल्यावर कठडा बांधण्यातला तो प्रकार होता.

आपल्याकडे धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत फड पद्धतीचे सामुदायिक सिंचन होते. पांझरेसारख्या नद्यांवरच्या लहान बंधाऱ्यांतून पाट निघत, पिके फडावार ठरत, पाणी नियमाने वाटले जाई. त्या व्यवस्थेचे गुपित बंधाऱ्याच्या दगडांत नव्हते. पाटकरी आणि जागल्या नेमलेले असत, आणि त्यांचा मेहनताना शेतकरी आपल्या पिकातून देत. पाट दरवर्षी साफ केला जाई. आपल्या पूर्वजांना कळत होते की बांध उत्साहाने बांधता येतो, पाट मात्र पगाराने राखावा लागतो.

म्हणून माझी सूचना अशी की आजच्या बैठकीत पाच जणांचे राखण-मंडळ नेमावे. त्यांतले निदान दोघे प्रोग्राम न लिहिणारे असावेत. त्यांपैकी एक वस्तीवरच्या भगिनींतून असावी. दर दोन महिन्यांनी सर्वांनी एक दिवस सावडीला जमावे. आणि जो नियमित काम करील त्याला मानधन मिळावे. हे मानधन कोठून येईल? वर्गणीतून थोडे येईल. पण ती मुळात सार्वजनिक संस्थांची जबाबदारी आहे आणि तशी मागणी जिल्हा परिषदेकडे, पंचायत समितीकडे रीतसर झाली पाहिजे. ज्या समाजात शासनाने करावयाचे काम तरुण फुकट करून देतात, तेथे शासन त्याबद्दल कृतज्ञ होत नाही, निर्धास्त होते. आपल्या श्रमदानाने सरकारचे कर्तव्य सिद्ध झाले पाहिजे, माफ होता कामा नये.

एका चौकटीचे मोल

हे सारे स्वप्नरंजन आहे असे वाटू नये म्हणून तैवानचे उदाहरण सांगून संपवतो. तेथे २०१२ साली काही तरुणांनी "गव्हझीरो" नावाची चळवळ सुरू केली आणि सरकारी अंदाजपत्रक सामान्य माणसाला कळेल अशा चित्ररूपात मांडण्यापासून आरंभ केला. "हे काम कोणीच का करीत नाही?" असे विचारण्यापूर्वी तो "कोणीच" म्हणजे आपणच आहोत हे ओळखा, असे त्यांचे सांगणे. दर दोन महिन्यांनी ते हॅकेथॉन भरवतात.

त्या देशात राजकीय देणग्यांचे हिशेब नागरिकांना पाहता येत, पण सरकारी कचेरीत जाऊन आणि कागदावर. २०१४ साली या मंडळींनी त्या कागदांची चित्रे घेतली, त्यांची हजारो चौकटींत विभागणी केली आणि महाजालावर आवाहन केले: आपल्यासमोर येईल त्या एका चौकटीत जो आकडा दिसेल तो टंकलिखित करा. ना प्रोग्राम लिहिण्याची गरज, ना राजकारणाच्या अभ्यासाची. हजारो लोक एकेक चौकट भरीत गेले आणि कारकुनांना महिनोन्‌महिने लागले असते ते काम सुमारे एका दिवसात झाले. पुढे २०१८ साली तेथील कायदाच बदलला आणि हे हिशेब महाजालावर प्रसिद्ध करणे बंधनकारक झाले.

या घटनेत मला दोन गोष्टी मोलाच्या वाटतात. एक, स्वयंसेवकांचे श्रम शासनाची जागा घेऊन थांबले नाहीत. त्यांनी शासनाला कायद्याने बांधून घेतले. दुसरी, त्या कामात पहिला क्रमांक कोणाचा होता? ज्याने युक्ती शोधली त्याचा, की ज्याने एक चौकट भरली त्याचा? युक्ती नसती तर चौकटी नव्हत्या, आणि चौकटी भरल्या नसत्या तर ती युक्ती कागदावरच राहिली असती. येथे क्रमांकाचे गणितच लागू पडत नाही. आपल्या संयोजकांनी पहिले, दुसरे, तिसरे पारितोषिक ठेवले नाही, याबद्दल काही विद्यार्थी नाराज आहेत. त्यांना मी इतकेच सांगेन की इर्जिकीत कोणाचा नांगर पुढे होता याची नोंद कोणी ठेवत नसे. रान पेरणीच्या आधी तयार झाले की नाही, एवढेच पाहिले जाई.

मित्रहो, आता गौरवाचे जे शब्द बोलण्याचे मी आरंभी कबूल केले होते ते बोलतो. ज्यांनी प्रोग्राम लिहिले त्यांचे अभिनंदन. ज्यांनी विहिरींच्या खुणा सांगितल्या, जुने ठराव कपाटांतून शोधून काढले, चुकलेली गावांची नावे दुरुस्त केली, त्यांचे अभिनंदन. ज्यांनी दोन्ही वेळ भाकऱ्या थापल्या आणि ज्या शिपाईबंधूंनी रात्रभर प्रयोगशाळा उघडी ठेवली, त्यांचेही. संयोजकांना विनंती की त्यांची नावे आभाराच्या परिच्छेदात न घालता प्रोग्रामच्या कर्त्यांच्या यादीतच घालावीत.

पण हा गौरव मी अजून अपुरा समजतो. तो पुरा करणे आपल्या हाती आहे. थोड्याच वेळात ती हजेरीवही पुन्हा आपल्यासमोर येईल. तीत एक ठराव लिहिला जावा: हे काम सर्वांचे आहे, ते खुल्या परवान्याखाली सर्वांसाठी राहील, आणि त्याची राखण आम्ही करू. त्याखाली सही करणाऱ्यांनी सही करावी, अंगठा उठवणाऱ्यांनी अंगठा उठवावा. आधी तो ठराव भगिनींना मोठ्याने वाचून दाखवा, आणि त्यांना पटला तरच पुढे चला.